दगड विरघळलेलं पाणी

माझी लेक घाणेरडी आहे, हे तिच्या सासूने एका बादलीवरून ठरवलं.

त्या दिवशी विहीणबाई कर्जतच्या बाजारात आल्या होत्या आणि जाताना आमच्या घरी टेकल्या. त्यांचं गाव खालापूरच्या अलीकडे, शेतीचं. आमचं कर्जतपासून जवळच, नदीच्या अंगाला. मी चहा ठेवला आणि तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती लग्नानंतर वर्षाच्या आत राजस्थानात गेली. जावई आधी मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. कंपनीने तिकडे वाळवंटाच्या बाजूला नवा कारखाना काढला आणि यांना पाठवलं. लेक मोरीत कपडे धूत होती, फोन खिडकीत टेकवलेला. विहीणबाईंनी तो माझ्या हातातून घेतला.

"अगं, ती मागं बादली कसली हाय? निळी का पांढरी?"

"निळीच आहे मम्मी. पाण्याने तशी झालीये. घासून जात नाही ते."

"घासून जात नाय? आन् तो नळ बघ. नळाला काय देवी आल्यात?"

"मम्मी, इथलं पाणीच तसं..."

"पाणी पाण्यासारखंच असतं गं. हात हलवायला लागतात." मग फोन माझ्याकडे देत म्हणाल्या, "विहीणबाई, लेकीला तुमी बारावी केलीत, पण बादली घासायला शिकवायचं राहिलं."

मी हसले. कुणी अंगावर आलं की मला हसूच येतं, दुसरं काही येत नाही. आणि मग दोन दिवस माझं मलाच नकोसं होतं. आमचे हे होते तेव्हा बोलायचं काम त्यांचं असायचं. ते गेल्यापासून घरात बोलणारं कुणी उरलं नाही. मी कपात चहा ओतला, विहीणबाईंनी बशीत ओतून फुर्रकन ओढला आणि त्या टमटम पकडायला निघून गेल्या.

पुढे महिन्याभरात खोपोलीला एका लग्नात एका अनोळखी बाईने मला विचारलं, "तुमीच का त्या? ज्यांच्या लेकीचं घर पांढरं पडलंय?" तिच्या पानात जिलेबी होती, ती मोडत मोडत विचारलं. म्हणजे गोष्ट बादलीवरून घरावर गेली होती. मी तिथेही हसले.

त्या पावसाळ्यात लेक त्याच मोरीत घसरून पडली आणि पायाला प्लास्टर आलं. जावयांनी तिकीट काढून पाठवलं आणि मी पहिल्यांदा महाराष्ट्राबाहेर गेले. गाडीत बोलायला ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून गाडी राजस्थानात शिरल्यावर मी दर मोठ्या स्टेशनावर खिडकीतून चहा घेत गेले. डोंगराजवळच्या पहिल्या स्टेशनावरचा चहा आपल्यासारखा होता. मग डोंगर मागे पडले, झाडं बुटकी झाली, आणि चहाला कसली तरी चव यायला लागली. आधी जिभेवर नुसती जाड. मग खारट. लेकीच्या गावाच्या अलीकडच्या स्टेशनावर तर चहावर दूध फाटल्यासारखे कण तरंगत होते. मला शिसारी आली. चहावाल्याची किटली घाण असणार, मेला धूतच नसेल, असं मी मनात म्हटलं आणि चहा रुळावर ओतून दिला. विहीणबाई बादलीला जे म्हणाल्या तेच मी किटलीला म्हटलं, हे मला चार दिवसांनी समजलं.

लेकीच्या दोन भाड्याच्या खोल्या खाली होत्या, घरमालकीण वर राहायची. जमीन, ओटा, जिना, मोरी, सगळं पांढऱ्या संगमरवराचं. आपल्याकडे कुणी हौसेने देवघराला लावतो तो दगड, तिकडे म्हशीच्या गव्हाणीलाही होता. गावाबाहेर त्याच्याच खाणी होत्या. वारा सुटला की पांढरी धूळ यायची आणि जेवणात करकरायची.

पहिल्या दिवशी मी अंघोळीला बसले. साबण लावला तर फेस येईना. अंगावर दह्याच्या कवड्यांसारख्या गुठळ्या झाल्या आणि त्यांचा चिकटा काखेत, गळ्याला, कानामागे बसला. पाणी ओतलं की तो जाण्याऐवजी आणखी धरायचा. टॉवेलने पुसलं तर टॉवेलवर राखाडी वळ्या आल्या. मला वाटलं हा माझाच मळ आहे, एवढ्या प्रवासाची, आणि मी लाजून तो टॉवेल लेकीने बघायच्या आत धुवायला घेतला. धुतल्यावर तो वाळून पापडासारखा कडक झाला. त्याने तोंड पुसलं की तोंड सोलल्यासारखं व्हायचं. केसांचं तर विचारू नये. लेकीचे केस लग्नात गुडघ्याला टेकत होते म्हणत नाही, पण कमरेखाली होते आणि मऊ होते. आता ते सुंभासारखे झाले होते. मी तेल लावायला बसले तेव्हा बोटं अडकत होती.

तूरडाळ कुकरमध्ये शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही गणंग राहायची. वरण म्हणून वाढलं ते वर पाणी, खाली डाळीचे खडे. ताट धुऊन पालथं घातलं तरी वाळल्यावर त्याच्यावर पांढरे ओघळ दिसायचे, जसे कुणी त्यात तोंड धुऊन ठेवलंय. सगळ्यात वाईट ते पाणी उकळायचं पातेलं. आतून त्याला अंड्याच्या कवचासारखा थर बसला होता. मी चमच्याने खरवडला तर खपल्या निघाल्या, गुडघा फुटल्यावर धरतात तशा. आदल्या दिवशी आपण त्यातलंच प्यायलो हे आठवलं आणि मी मोरीत जाऊन ओकाऱ्या काढल्या. बाहेर काही पडलं नाही.

लेक कॉटवर पाय वर करून पडलेली. म्हणाली, "आई, माझंही पहिला महिनाभर असंच व्हायचं. आता काही वाटत नाही."

तिला काही वाटत नाही, याची मला जास्त शिसारी आली.

मी कंबर कसली. रोज घासायचे. तारेच्या काथ्याने, राखेने, सोड्याने. घासलं की ओलं असेपर्यंत लख्ख दिसायचं आणि वाळलं की परत पांढरं. कर्जतला मी आयुष्यभर भांडी घासली, आमच्या विहिरीचं पाणी असं की मातीने घासलेला तांब्यासुद्धा तोंड दाखवतो. इथे माझे हात सोलले आणि बादली होती तशीच. मग एकदा जेवणातलं पिळलेलं लिंबू हातात होतं ते सहज नळाला चोळलं. त्यावरचा थर फसफसला! बारीक बुडबुडे आले आणि खाली पितळ दिसलं. मला इतका आनंद झाला की मी दुसरं लिंबू कापलं, ओट्यावर एक काळपट डाग होता तिकडे वळले, आणि घरमालकीण जिन्यावरून ओरडतच खाली आली.

"अरे नींबू नल को लगाओ, पत्थर को नहीं! दोनों एक ही चीज़ है!"

तिने माझा हात धरून मला जिन्याखाली नेलं. तिथे तिच्या सुनेच्या हातून लोणचं सांडलं होतं. दगडाची चकाकी तेवढी गेली होती, हाताला खरखरीत लागत होतं. पुसून जाईना, धुऊन जाईना. दगडाची वरची कातडीच खाल्ली होती. मग ती स्वतःहून बरंच बोलली, मला निम्मं कळलं. तिचं माहेर डोंगराच्या अंगाला, तिथलं पाणी गोड. तिकडे मुलगी द्यायची तर शहाणा बाप आधी त्या गावचं पाणी पिऊन बघतो. तिच्या बापाने फक्त खाण बघितली. तिची नातवंडं अंगणात खेळत होती, त्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. तेही पाण्याचेच, म्हणाली. मी मुलगी देताना नोकरी विचारली, घर विचारलं, शेती किती विचारलं. पाणी विचारायचं मला कुठून सुचणार? आमच्याकडे पावसाळ्यात ते भिंतीतून आत येतं.

संध्याकाळी जावई जेवायला बसले तेव्हा मी धीर करून विचारलं. त्यांचं कारखान्यात कामच पाण्याचं. बोलले ते मात्र छान समजावून.

"आपल्याकडे पाऊस धो धो पडतो आणि काळ्या कातळावरून धावत उल्हास नाहीतर पाताळगंगेला मिळतो, तिथून समुद्राला. त्याला कुठे बसायलाच वेळ नाही. आणि आपला कातळ ज्वालामुखीतला, पाण्यात सहज उतरत नाही. इथे पाऊस थोडा. तो खाली चुन्याच्या दगडात, संगमरवरात मुरतो आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतो. दगड हळूहळू त्यात विरघळतो. काही ठिकाणी खाली जिप्सम आहे, काही ठिकाणी जुन्या खाऱ्या तळ्यांचं मीठ. नद्या तरी कुठल्या, बऱ्याचशा वाळूतच संपतात. ऊन पाणी ओढून घेतं आणि क्षार मागे राहतो. म्हणून एका गावाचं पाणी जड, दुसऱ्याचं खारट, तिसऱ्याचं कडू. डोंगराजवळ बरं, कालव्याचं येतं तिथे बरं. आपल्या नळाला बहुतेक बोअरचंच."

म्हणजे बादलीला लागलेलं पांढरं आणि पायाखालची फरशी एकच. माझी लेक दगड पीत होती.

"मग बॉयलरला हेच पाणी घालता?"

"छे हो. नळ्या बुजतील सगळ्या. बॉयलरला मऊ करून घालतो, त्याचं यंत्र असतं."

बॉयलरला मऊ पाणी आणि माझ्या लेकीला हे. मी पुढची चपाती वाढली.

"एवढं सगळं तुम्हाला कळतं तर तुमच्या आईला सांगा की."

त्यांनी चपाती मोडली. "सांगून काय होणार? म्हणेल, बायकोची वकिली करतो. जाऊ द्या, विसरेल ती."

लेकीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या क्षणी मला जावयाच्या स्वच्छ घोटलेल्या दाढीचीसुद्धा घृणा वाटली. बारा तास दुसऱ्यांच्या नळ्या सांभाळायच्या आणि घरी तोंड उघडायचं नाही. पण मी त्यांना काय बोलणार? मीसुद्धा कर्जतला बसून हसलेच होते.

प्लास्टर निघालं, मी परत आले. विहीणबाई विसरल्या नाहीत. उलट त्यांचं नवं घर उभं राहत होतं आणि जावयांनी तिकडून ट्रक भरून संगमरवर पाठवला. सगळ्या गावात शहाबादी नाहीतर टाईल्स, यांच्याकडे पांढरा शुभ्र दगड. लोक चपला काढून बघायला यायचे. आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, की वास्तुशांत झाली की सुनेला मी इथेच ठेवून घेणार. पोरगा राहील तिकडे कारखान्याच्या पोरांबरोबर. एवढं पांढरं घर सांभाळायला बाई लागते, आणि तिलाही घासायपुसायचं वळण लागेल.

लेकीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

"आई, मला नाही राहायचं गं तिथे. इथे मी ब्लाउज शिवायला घेतलेत, चार बायका येतात. पाणी कसं का असेना, दार लावलं की घर माझं असतं. तिथे मला दिवसभर बघत राहतील."

"जावई काय म्हणतात?"

"म्हणतात, सहा महिने काढ, मग बघू. सहा महिन्यांनी काय बघणार आहेत?"

मी म्हटलं, मी बोलते विहीणबाईंशी. फोन ठेवला आणि काय बोलायचं ते मनात जुळवत बसले.

वास्तुशांतीच्या दिवशी मी सकाळीच पोचले. लेक आणि जावई आदल्या दिवशी आले होते. पूजा झाली आणि हॉलमध्ये त्या दगडावरच पंगत मांडायला घेतली. पत्रावळी, मसालेभात, मठ्ठा, डाव्या बाजूला मीठ आणि लिंबाची फोड, नेहमीसारखं. लेक हळूच म्हणाली, "मम्मी, लिंबू आणि मठ्ठा फरशीवर नको सांडायला. या दगडाला आंबट चालत नाही. खाली कागद घालूया का?"

विहीणबाई सगळ्यांच्या देखत हसल्या. "ऐका गं! दगडाला पथ्य हाय! आज आंबट नको, उद्या तिखट नको. मग दगडाला मऊ भात भरवू काय?"

बायका खो खो हसल्या. पंगत बसली, तीन पंगती झाल्या. मी वाढत होते आणि वाटीगणिक मठ्ठ्याचे थेंब पडताना बघत होते. बोलणार होते ते बोलायला सकाळ झाली, दुपार झाली, वेळ काही मिळेना. खरं तर वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आत आलं आणि सगळ्यांना दिसलं. कोण कुठे जेवायला बसलं होतं ते फरशीवर उमटलं होतं. ओळीने, प्रत्येक पानाच्या डाव्या अंगाला लिंबाच्या फोडीएवढी निस्तेज चंद्रकोर, आणि मधेमधे मठ्ठ्याचे ठिपके. चकचकीत दगडावर जणू कोड फुटलं होतं. घर बघायला शेजारच्या दोघी आल्या होत्या, त्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

विहीणबाईंनी चिंच भिजत घातली. त्यांच्या घरचं पितळ चिंचेने असं निघतं की तोंड बघून घ्यावं, त्याचा त्यांना अभिमान, आणि तो खोटाही नाही. चिंचेचा कोळ आणि मीठ लेकीपुढे ठेवून म्हणाल्या, "बस. घास."

"मम्मी, याने वाढेल. चिंचही आंबटच. खरंच सांगते."

"मला सांगते! जन्मभर चिंचेनं समया घासल्या मी. बस खाली."

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. तो दारात फोन घेऊन उभा होता. म्हणाला, "घास ना थोडं, काय जातंय?" ज्याला त्या दगडाचं आणि पाण्याचं सगळं ठाऊक तो. मला त्याच्या तोंडावर तो चिंचेचा वाडगा ओतावासा वाटला.

लेक गुडघ्यावर बसली. दुखऱ्या पायावर भार येऊ नये म्हणून एका कुशीला वाकून घासत होती. चिंचेचा लालसर चोथा सगळीकडे पसरला, वर मिठाची रेव, तिच्या ब्लाउजची पाठ घामाने भिजलेली. पुसून काढलं तर चंद्रकोरी गेल्या होत्या, कारण आजूबाजूचा सगळा पट्टाच त्यांच्यासारखा निस्तेज झाला होता. पार भिंतीपर्यंत.

विहीणबाईंनी शेजारणींना जवळ बोलावलं. "बघा. तुमच्या डोळ्यांनी बघा. हिचा हात लागला की पांढरं. तिकडं बादली, इथं माजी फरशी. एक वर्ष इथून हलू देत नाय आता. विहीणबाई, तुमी पण बघा, काय देऊन बसलात आमाला."

मी आले होते ते बोलायलाच. वाक्य मी रात्रभर घोकलं होतं, ते तसंच ठेवलं. मग मी स्वयंपाकघरात गेले. परातीत कालची लिंबं होती, एक कापलं. परत हॉलमध्ये आले. मधोमध, जिथे जायची यायची वाट म्हणून पंगत बसली नव्हती तिथला दगड अजून आरशासारखा होता. मी खाली बसले आणि अर्धं लिंबू त्या दगडावर पालथं दाबून धरलं.

माझ्या डोक्यात एवढंच होतं, की डाग उठेल, आणि मी म्हणेन, हा माझ्या हाताचा. माझ्या लेकीचा हात याला लागलेला नाही. आता मलाही ठेवून घ्या. इतकंच म्हणायचं होतं.

रस दगडावर पसरला, कडेला बारीक बुडबुडे आले. मी मान वर केली नाही. दुसरा हातही वर दाबला. तेवढ्यात एक शेजारीण किंचाळली.

"अगं बाई! नव्या घरात लिंबू कापलं हिनं! मधोमध!"

"ओठ पण हलत होते गं तिचे," दुसरी म्हणाली.

ओठ हलत होते. मी ते वाक्य म्हणून बघत होते.

विहीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. "उचला ते. विहीणबाई, उचला आधी. काय केलंत हे? कालच वास्तुशांत झाली माजी!"

मी लिंबू उचललं. खाली गोल डाग, लखलखीत दगडात कुणी ठसा मारल्यासारखा.

"उठलं बघा," पहिली शेजारीण म्हणाली. "माज्या आत्याच्या उंबऱ्याला असंच गोल उठलं होतं. सहा महिन्यांत म्हस गेली."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की अहो ही करणी नाही, हा चुना आहे, आंबटाने चुना खाल्ला, नळाचा थरही असाच जातो. जावई होते तिथे, त्यांना विचारा. पण त्याआधी विहीणबाईच बोलल्या, आणि ते ओरडणं नव्हतं, घाबरून पडलेला आवाज होता.

"घेऊन जा तुमची लेक. आत्ताच्या आत्ता. नवऱ्यासंगती जाऊ दे नायतर तुमच्याकडं ठेवा, माज्या घरात नको. गप्प माणसाचं काळीज कुणाला दिसतं? म्हणून तुमी हसत होतात का इतके दिवस?"

मी तोंड मिटलं.

लेकीने हात धुतले नाहीत, तशीच चपला घालून निघाली. आम्ही दोघी हायवेच्या थांब्यापर्यंत चालत आलो. तिच्या हाताला चिंचेचा वास येत होता. टपरीवर वडापाव घेतला, कारण सकाळपासून दोघींच्या पोटात काही नव्हतं. ट्रक जात होते, धूळ वडापाववर बसत होती.

"आई, तू सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू?"

"की नुसतं लिंबू होतं."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुला ठेवून घेतलं असतं."

ती घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली, मग तिला हसू फुटलं, मग ठसका लागला. मी पाठ चोळली. मला हसू आलं नाही. दोन वर्षं खरं खरं सांगून काही झालं नाही. पोरगी गुडघ्यावर बसून घासते ते कुणाला दिसलं नाही. आणि एका लिंबाने काम झालं, तेही मला चेटकीण ठरवून. ज्या बाईला चार माणसांत पाणी मागायचा संकोच वाटतो तिला आता खालापूरकडच्या अर्ध्या गावाने बघून दारं लावायची. मी माझा वडा कागदात गुंडाळून ठेवला.

थोड्या वेळाने जावई मोटरसायकलवर आले. पुढे टाकीवर लेकीची बॅग होती. उतरले, बॅग ठेवली, माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, "परवाची गाडी आहे, दोघांचं तिकीट मिळतंय. तोवर तुमच्याकडे राहू का?"

"तुम्ही सांगितलंत आईला? लिंबाचं?"

"नाही."

"का?"

ते हेल्मेट चाचपत राहिले. "तुम्ही पण नाही सांगितलंत."

ते बायकोसाठी गप्प राहिले की नेहमीसारखे नुसतेच गप्प राहिले, हे मी आजही सांगू शकत नाही. लेक काहीतरी समजली असावी, तिने उरलेला वडापाव त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी खाल्ला.

विहीणबाईंनी भटजी बोलावून पुन्हा शांत करून घेतली असं कानावर आलं. मधल्या डागावर त्यांनी सतरंजी घातली आहे आणि तिच्यावर कुणी पाय देत नाही. लग्नाकार्याला मला बोलावणं येत नाही. भाजीबाजारात त्या बाजूच्या बायका दिसल्या की टोपली उचलून पलीकडे होतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा घरी येऊन मी अंगावर पाणी घेत राहिले, आमचं मऊ पाणी, साबणाला भरपूर फेस येणारं, आणि तरी काही तरी चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं.

लेक तिकडे आहे. ब्लाउज शिवते, आता आठ-दहा बायका येतात. केस तिने खांद्यापर्यंत कापून टाकले. पाण्याचं विचारलं की म्हणते, आहे तसंच आहे, उन्हाळ्यात आणखी खारट होतं, कधी नळाला तीन-तीन दिवस येतच नाही. ते पाणी तिने प्यावं असं मला आजही वाटत नाही. नुसतं आठवलं तरी जीभ जाड होते. परवा फोनवर म्हणाली, "आई, नळ आला वाटतं, ठेवते."

"जा," मी म्हटलं, "भरून घे."